ताजूच्या कॅमेऱ्याची दुरुस्ती

हमरापूर,
१० फेब्रुवारी २०२५

ताजू,

जनूचा नमस्कार. अजीजाभाभींना सलाम, सादियाला आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर आपण दोन मिनिटं बोलतो, तिसऱ्या मिनिटाला भांडतो आणि तू फोन ठेवतोस. पत्र तसं ठेवता येत नाही.

परवा तू म्हणालास, कॅमेरा बिघडला, यंदा मी येत नाही, सुशीलला मोबाइलवर फोटो काढायला सांग. हे तू माझ्या तोंडावर बोललास. अरे, कुवेतहून कॅमेरा घेऊन आलास त्या वर्षापासून पहिल्या मूर्तीचे डोळे मी आखतो आणि त्याच दिवशी तू रोह्याहून येऊन तिचा फोटो काढतोस. मूर्ती जाते विसर्जनाला, फोटो राहतो कारखान्याच्या भिंतीवर. एकाच वर्षी तुला कंपनीत शिफ्ट बदलून मिळाली नाही, आणि त्याच वर्षी शेडमध्ये गुडघाभर पाणी शिरून कच्च्या मूर्तींचा चिखल झाला. सुशील म्हणतो, बाबा, हा योगायोग आहे. तो कॉलेजात गेलेला आहे, त्याला योगायोग परवडतो. मी सातवी नापास. मला भीती वाटते.

गेल्या वर्षीचा फोटो धुरकट आला हे खरं आहे. गणपती आहे की कापसाचं गाठोडं, कळत नाही. तरी मी लावला. पण म्हणून कॅमेरा टाकायचा? मुंबईचा मेकॅनिक म्हणतो पार्ट मिळत नाहीत, भंगारात घाला. तो म्हणणारच, त्याला काय जातंय. माझा जन्म मूर्तींच्या बोटांवर नखं काढण्यात गेला. मला एक डबी उघडता येणार नाही? आमचा टेम्पोवाला काळुराम न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती पोहोचवायला रोह्याला येतोय, त्याच्याकडे कॅमेरा दे. नीट गुंडाळून दे. टॉवेलात नको, त्याचे धागे निघतात.

पोहोचता केल्याचं कळव, नाहीतर मला घोर लागून राहील.

तुझा,
जनू


रोहा,
१९ फेब्रुवारी २०२५

जनू,

सलाम. कॅमेरा दिला. आरसा अडकतो, आतला फोम चिकट झालाय.
उघडून काही होणार नाही. पण तू ऐकणार नाहीस.
माझं सगळं बरं आहे. हल्ली मासे बरे मिळत नाहीत, सोडलेत.

ताजुद्दीन


हमरापूर,
६ मार्च २०२५

ताजू,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंस की मला वाटलं निवडणुकीचं पोस्टर आलं. ओळी तर एखाद्या उतारावरून घसरल्यासारख्या. मी तुला चार पानं लिहायची आणि तू मला चार वाक्यांत वाटेला लावायचं, हे बरं नाही. असो.

कॅमेरा उघडला. मागच्या झाकणाच्या खाचांत काळा डांबरासारखा चिकट घाण लगदा. तो आरशालाही लागलाय, म्हणून बटण दाबलं की आरसा वर जातो तो तिथेच बसतो. माती कोरायच्या बांबूच्या कोरणीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून सगळा खरवडला. बोटांचा काळा डाग तीन अंघोळींत गेला नाही.

तुझ्यापासून काय लपवायचं, दोन-तीन भानगडी झाल्या. आत ओल असेल म्हणून कॅमेरा तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला. सुशीलचा मोबाइल पाण्यात पडला तेव्हा त्याच्या आईने, रंभेने, तसाच वाचवला होता. बाहेर काढून डोळ्याला लावला तर आत उंदराएवढं काहीतरी चालतंय! तो तांदळातला सोंडकिडा निघाला, काचेमागे जाऊन बसलेला. रंभा म्हणते, "गणपतीचा कॅमेरा हाय, उंदीर असायचाच. ऱ्हाऊ दे की." मी इकडे घामाघूम आणि तिला विनोद सुचतात.

मग वरच्या झाकणाचा स्क्रू पडला. मोहरीएवढा. उचलला, पुन्हा पडला, आणि तिसऱ्यांदा थेट शाडूच्या घमेल्यात. अनिताने, म्हणजे आमच्या सुनेने, सगळी माती चाळून दिली. चाळणी मात्र जोरात आपटत होती. चिमटाच हलका आहे, दुसरं काही नाही.

आतला काळा रंग जागोजागी उडाला होता. तिथे मूषकाच्या डोळ्यांसाठी आणलेला चकचकीत काळा लावला. दोन हात दिले. असा चमकतो की त्यात तोंड बघावं. तू खूश होशील.

पण काही चुकलं तर नाही ना? लगेच लिही.

जनू


रोहा,
१५ मार्च २०२५

जनू,

अरे गाढवा! (हा शब्द लिहायला सादिया तयार नव्हती, मी हट्टाने लिहवला. हाताला मुंग्या येतात म्हणून पत्र ती लिहिते आहे.)

कॅमेऱ्याच्या पोटात अंधार लागतो. तू आत आरसेमहाल केलास. बटण दाबलं की उजेड आत या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारणार आणि फोटोत ढग येणार. आतला रंग मेलेला काळा पाहिजे, तव्याच्या बुडासारखा. एवढी वर्षं रंगात घालवलीस आणि हे तुला कळू नये?

आणि तांदळात? कॅमेरा म्हणजे काय कच्चा आंबा आहे, पिकायला घालायला?

रोजे चालू आहेत, रागावायचं नाही असं अजीजा सांगते. तुझं पत्र आलं की ते जमत नाही. माझं ऐक. सगळं एका पिशवीत भर आणि माळ्यावर टाक. फोटोचं काय एवढं? भिंतीवर जागा तरी उरली आहे का?

ताजुद्दीन


हमरापूर,
२४ मार्च २०२५

ताजू,

जागा उरली आहे. मी मोजून ठेवली आहे. माझ्या हातून जेवढी वर्षं होतील तेवढी जागा आहे.

गाढव म्हणालास ते म्हणालास, पण आपल्या नातीच्या हातून लिहवलंस! पेणच्या शाळेत, तू नानीकडे राहायचास तेव्हा, शुद्धलेखन माझं बघून लिहायचास. आता लिहायला माणूस ठेवलास. मुंग्या येतात म्हणे.

चकचकीत काळा खरवडला. काजळीत थोडा डिंक घालून नवीन रंग केला, लावला, वाळवला. आता आत बघितलं तर अमावस्या. फोमच्या जागी गणपतीच्या शेल्याला लावायची काळी मखमल बारीक पट्ट्या कापून चिकटवली. झाकण असं बसतं की टक् आवाज येतो. आरसाही वर जाऊन खाली येतो. शंभरदा दाबून बघितला. रंभा म्हणाली, "त्याचा जीव जाईल."

सुशीलने मोबाइलवरून रोल मागवला, तोही घालून पाठवतो आहे. काळुराम शुक्रवारी येईल. ईदला घरच्यांचे फोटो काढ आणि कसा चालतो ते सांग. नीट चालला की आखणीचा दिवस धरतो. बाकीच्या मूर्तींची आखणी आता सुशील आणि अनिताच करतात. मी फक्त पहिली करतो. कामाचा व्याप वाढला, मालकाने किती ठिकाणी बसायचं? पण पहिली माझीच, आणि फोटो तुझाच.

ईदच्या शुभेच्छा. शिरखुर्मा काळुरामकडे देऊ नकोस, तो वाटेत पितो.

जनू


रोहा,
१२ एप्रिल २०२५

जनू,

ईद झाली. अर्धा रोल काढला आणि सोडून दिला.

तुझा कॅमेरा नीट झालेला नाही. डोळा लावला की मध्ये एक लहान गोल दिसतो, तुला ठाऊक आहे. त्यात समोरचं माणूस दोन तुकड्यांत दिसतं, पुढची रिंग फिरवली की तुकडे जुळतात, मग बटण दाबायचं. आता कितीही फिरवा, जुळतच नाहीत. सगळं धुरात असल्यासारखं. अजीजाला अर्धा तास उन्हात उभी केली, शेवटी ती ओरडून आत गेली.

तू आतलं काहीतरी उलटं बसवलं आहेस. अर्धा रोल आत तसाच आहे. कॅमेरा काळुरामकडे परत पाठवला. आता पुरे.

ताजुद्दीन
(सादियाच्या हातचं)


हमरापूर,
५ मे २०२५

ताजू,

तुझं पत्र आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

कॅमेरा डोळ्याला लावला. दारातून समोरचा विजेचा खांब बघितला. दोन तुकडे दिसले. रिंग फिरवली, जुळले. रंभेला उभी केली, तिचं कुंकू दोन ठिकाणी, फिरवलं, एका ठिकाणी. मला जुळतंय आणि तुला जुळत नाही, हे कसं? तू एवढी वर्षं कॅमेरा धरलेला, मी सोंडकिडे पाळणारा. तेव्हा चूक माझीच असणार. मी जुळल्यासारखं बघतो आणि ते जुळलेलं नसतं, असं काहीतरी असणार.

पुढची काच काढली, पुसली, बसवली. पुन्हा काढली. वरचं झाकण उघडून चौकोनी काच उलटी आहे का बघितलं. सुलटी वाटली. उलटी करून बघितली, तेव्हा कळलं की आधी सुलटीच होती. स्क्रू पुन्हा पडला. अनिता चाळणी घेऊन आपणहून येऊन उभी राहिली.

जेवताना माझं लक्ष नसतं. रंभा म्हणते, "माझ्या बाळंतपणाला एवढा घोर केला नव्हतात." तिला कोण सांगणार, बाळंतपणात मला काही उलटं बसवायचं नव्हतं.

रोल फुकट नको म्हणून उरलेला अर्धा मी शेडमध्ये काढला. पनवेलचा स्टुडिओवाला तो धुवायला मुंबईला पाठवतो. आला की कळवतो. तुझी तब्येत कशी आहे? मासे खायला लागलास का?

जनू


हमरापूर,
२७ मे २०२५

ताजुद्दीन,

फोटो आले. माझ्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, तरी हे लिहितो आहे.

एकच रोल, एकच कॅमेरा. पहिले अर्धे फोटो तू काढलेले. त्यात अजीजाभाभी कोण आणि तुळईला टांगलेला पडदा कोण, कळत नाही. उरलेले मी काढलेले. त्यात शाडूच्या पोत्यावरची बारीक अक्षरं वाचता येतात. रंभेच्या नाकातली चमकी दिसते. मी, ज्याने आयुष्यात कधी फोटो काढला नव्हता!

म्हणजे कॅमेरा चांगला आहे. मार्चपासून चांगला आहे. मी इथे वेड्यासारखा उघडतोय, बंद करतोय, आणि तू रोह्यात बसून नातीकडून लिहवतोस की उलटं बसवलंय. तू रिंग फिरवलीच नाहीस. मुद्दाम वाटेल तसे फोटो काढलेस, म्हणजे कॅमेऱ्याचं निमित्त पुढे करून सुटका होईल.

तुला यायचंच नव्हतं. सरळ सांगायचंस. तुझा लेक नावेद तिकडे कुवेतला मोठ्या पगारावर आहे, घरावर माळा चढला, आता हमरापूरच्या शेडमध्ये मातीत येऊन बसायला कमीपणा वाटत असेल. वाटू दे. पण माझी झोप का घालवलीस?

कॅमेरा तुझा आहे, काळुरामकडे पाठवतो. यंदा येऊ नकोस.

जनार्दन


रोहा,
१४ जून २०२५

जनूभाई,

अजीजाचा सलाम. रंभावहिनींना सांगावं.

तुमचं पत्र सादियाने वाचलं आणि तिला रडू आलं, तेव्हा मी तिच्या हातून घेतलं. त्यांना अजून वाचून दाखवलेलं नाही. मी लिहिते आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही.

जनूभाई, त्यांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या वर्षी तुमच्याकडे फोटो काढला तेव्हाच सुरू झालं होतं. कॅमेरा बिघडला असं त्यांना आधी खरंच वाटलं. मग कळलं असणार, पण तोवर तुम्ही दुरुस्ती काढून बसलात. मी दहादा सांगितलं, जनूभाईंना खरं कळवा. म्हणाले, "त्याला उद्योग मिळालाय, असू दे."

मासे बरे मिळत नाहीत म्हणतात ना? मासे चांगले मिळतात. त्यांना काटा दिसत नाही. परवा शेजाऱ्यांनी दारात झाकून ठेवलेल्या स्कूटरला त्यांनी सलाम केला, आणि उत्तर आलं नाही म्हणून रागावून घरात आले. म्हणाले, लोकांना माणुसकी राहिली नाही.

ऑपरेशनला तयार नाहीत. त्यांच्या मोठ्या भावाचा एक डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला, फार वर्षं झाली त्याला, पण ते मनात धरून आहेत. नावेद रोज तिकडून फोन करतो, त्याचाही फोन ठेवून देतात. तुमच्यावर रागावतात, पण पत्र आलं की सादियाला तीन वेळा वाचायला लावतात. मी थकले. तुम्हीच काहीतरी लिहा. शिव्या द्या हवं तर.

बहीण,
अजीजा


हमरापूर,
२० जून २०२५

ताजू,

सादिया, बाळ, हे पत्र मोठ्याने वाच. एकही शब्द गाळू नकोस. "गाढव" आला तर तोही वाच.

ताजू, तू गाढव आहेस.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते भाभींनी तुला ऐकवलं नसेल तर ऐकू नकोस. फाडून टाका. माळा बांधलास ते चांगलंच केलंस.

पण मला राग आला आहे तो आहेच. मी आरसा काढला, काच उलटी केली, सुलटी केली, घरातल्या सुनेला माती चाळायला लावली, आणि तुला ठाऊक होतं! एका पोस्टकार्डावर "जनू, मला दिसत नाही" एवढं मावलं असतं. तुझ्या त्या पोस्टरच्या अक्षरातसुद्धा मावलं असतं.

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा बाहेरच्या बाकावर कोण बसलं होतं? मी आत जायला तयार नव्हतो, भिंतीला धरून उभा होतो, तेव्हा मला ढकललं कोणी? वर नर्सला म्हणालास, याला आधी नीट बांधा. पट्टी काढल्यावर पहिलं तोंड तुझं दिसलं, तरी मी तक्रार केली नाही.

भावाचं मला आठवतं. त्याच्या डोळ्याला हात लावून तू रडला होतास तेही आठवतं. म्हणून भिऊ नकोस असं मी म्हणत नाही. मी स्वतः भित्रा माणूस, मला कोण विचारतो. भीत भीत जा. पण जा. मी बाकावर येऊन बसतो. तुझ्या अंगात ताकद असेल तर मला ढकल, नाहीतर मी तुला ढकलीन.

आणि हे ऐक. पहिली मूर्ती रंगवून तयार आहे. सोवळं, मुकुट, सगळं झालं. डोळे कोरे ठेवलेत. शेडच्या मधोमध ठेवली आहे, येता-जाता सगळ्यांना अडचण होते. सुशील ओरडतो, "बाबा, गिऱ्हाईक विचारतं, काय सांगू?" मी म्हटलं, सांग की फोटोवाला आलेला नाही. तू येईपर्यंत ती तशीच राहील. मग चतुर्थी आली तरी चालेल.

तारीख ठरली की कळव. फोनवर कळवलंस तरी चालेल. मी भांडणार नाही. दोन मिनिटं तरी नाही.

जनू


रोहा,
३ ऑगस्ट २०२५

जनू,

हे अक्षर माझं आहे आणि ओळी सरळ आहेत. बघून घे.

परवा पापलेट खाल्लं. काटे स्वतः काढले. अजीजा समोर बसून बघत होती, जसं काही मी पहिल्यांदाच जेवतोय. शेजाऱ्यांची स्कूटर लाल आहे, हेही आता कळलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर. तेव्हाही बाकावर ये, पण डॉक्टरला "सुई उकळून घेतली का" असं पुन्हा विचारू नकोस. त्याचं तोंड मी या डोळ्याने बघितलं.

आखणीच्या दिवशी तुझ्याकडे येऊन काढलेला फोटो धुऊन आला. सोबत पाठवला आहे. कॅमेरा फार चांगला झालाय, जनू. मधल्या गोलात गणपतीची भुवई दोन ठिकाणी दिसली, रिंग फिरवली आणि एक झाली, तेव्हा बटण दाबायचं विसरून मी बघतच राहिलो. तू "दाब की रे!" असं ओरडलास म्हणून दाबलं. मखमलीने एक किरण आत शिरू दिला नाही. मुंबईच्या मेकॅनिकच्या तोंडावर मारावा असा फोटो आहे.

आता दुसरी गोष्ट. तिथे सगळ्यांसमोर बोललो नाही. मूर्तीचा डावा डोळा खाली उतरला आहे. काठाची रेघ मध्येच थांबून पुढे थरथरली आहे. आधी मला वाटलं, माझ्याच डोळ्याचं काहीतरी. मग सादियाला दाखवला, तीही तेच म्हणाली. जुन्या फोटोंच्या प्रती माझ्याकडे आहेत, त्याही काढून बघितल्या. गेल्या तीन-चार वर्षांपासून ती रेघ थोडी थोडी हलते आहे. मलाच दिसत नव्हतं.

तुझा हात कापतो का? कधीपासून? बाकीची आखणी सुशील का करतो, आणि तो स्क्रू सारखा का पडत होता, ते आता मला कळतंय. इथे हातापायाच्या नसांचा एक चांगला डॉक्टर बसतो. येतोस का? बाहेर बाक आहे.

ताजू


हमरापूर,
९ ऑगस्ट २०२५

ताजू,

फोटो मिळाला. लगेच लावला. गेल्या वर्षीच्या कापसाच्या गाठोड्याशेजारी तो इतका स्वच्छ दिसतो की रंभा म्हणाली, "आता कसा गणपती वाटतो." मूर्ती काल गेली, वाशीच्या गिऱ्हाइकाने नेली, हात जोडून नेली. त्याने काही डोळ्याबद्दल म्हटलं नाही.

तुझं पत्र मी रंभेला वाचून दाखवलं, पण शेवटचा भाग नाही. चष्मा पुसायला पाहिजे म्हणून तिथे थांबलो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिची ती सवयच आहे.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन ताजं आहे. अशा वेळी सरळ रेघ वाकडी दिसते, मला अनुभव आहे. सादिया लहान आहे, आजोबा म्हणतील तसं म्हणणार. आणि जुन्या फोटोंचं म्हणशील तर तेव्हा कॅमेऱ्यात चिकट फोम होता, हे तू विसरतोस.

माझा हात चांगला आहे. डॉक्टरचं नाव मात्र नीट लिहून पाठव, आमच्या शेजारच्या मोरूला हवं आहे.

डोळा उतरलेला नाही. कॅमेऱ्यातच काहीतरी राहिलं आहे. काळुराम गुरुवारी रोह्याला येतोय, त्याच्याकडे दे. नीट गुंडाळून दे. मी उघडून बघतो.

तुझा,
जनू